दुखण्याचा तक्ता

खुर्चीत बसण्याआधी बोझिदाराने डाव्या हाताची चार बोटं माझ्या टेबलाच्या कडेवर टेकली. अंगठा मोकळा होता. पेरं क्षणभर पांढरी पडली, बोझिदारा खाली बसली, आणि पेरांमध्ये रंग परत आला. दीड सेकंद, फार तर दोन. मी तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या पुस्तिकेचं पान उलटत होते. बोटं दिसली ती केवळ पान आणि टेबलाची कड एकाच रेषेत होती म्हणून. चौदा वर्षांची मुलगी. मागे वाकून स्वतःच्या टाचा बघू शकते, एका पायावर उभी राहून दुसरा कानाला लावू शकते. अशा मुलीला खुर्चीत बसायला टेबल लागत नाही.

शुक्रवारची दुपार होती. प्रशिक्षक गिंकाबाईंच्या संघातल्या पाचही मुली शिक्क्यासाठी आल्या होत्या. पुढच्या शनिवारी सोफियाला रिदमिक जिम्नॅस्टिक्सची राष्ट्रीय स्पर्धा, आणि क्रीडावैद्याचा शिक्का सहा महिन्यांहून जुना असला तर दारातूनच परत पाठवतात. चौघींचं झालं होतं. हृदय, रक्तदाब, गुडघे, घोटे, मणक्यांवरून एकदा अंगठा. प्रत्येकीला सहा मिनिटं. मार्च लागला होता, प्रत्येकीच्या मनगटाला वसंताच्या स्वागताचा लाल-पांढरा दोरा होता, आणि नाडी बघताना मी तो वर सरकवत होते. बोझिदारा शेवटची. शिक्का मी उचललेलाच होता.

“पाठ?” मी विचारलं.

“ठीक आहे.”

“दुखते?”

“म्हणजे... तीन.”

मी शिक्का खाली ठेवला आणि तिला उभं राहायला सांगितलं. “करकोचा कर.” या चाचणीला आम्ही करकोचा म्हणतो आणि मुलींनाही ते नाव ठाऊक आहे: एक गुडघा वर, दुसऱ्या पायावर तोल, आणि सावकाश मागे वाकायचं. उजव्या पायावर ती वाकली, जणू पाठीत हाड नावाची वस्तूच नाही. डाव्या पायावर वाकली आणि हसली. ही चाचणी फारशी भरवशाची नाही. दुखत असून पकडत नाही, दुखत नसून दुखतंय म्हणते, यावर बरंच लिहिलं गेलंय. पण ते हसू मी ओळखते. ते गालांनी करायचं असतं, डोळ्यांना त्याचा पत्ता लागू द्यायचा नसतो. परीक्षकांच्या रांगेकडे बघून ते कसं धरून ठेवायचं हे मलाही गिंकाबाईंच्याच हॉलमध्ये शिकवलं गेलं होतं.

“तीन म्हणजे नक्की किती?”

“तीन म्हणजे तीन.”

“आणि चार असतं तर कसं वाटलं असतं?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मोठ्या माणसांना साध्या गोष्टी समजावून सांगाव्या लागतात याचा थोडा कंटाळा तिच्या तोंडावर होता. “चार कोण लिहितं, डॉक्टर? चार म्हणजे बाक.”

“असं बाई म्हणतात?”

“बाई कशाला म्हणतील? तक्त्यावरच आहे की, लाल अक्षरांत. लहान मुलींना तर आम्हीच शिकवतो, पहिल्या आठवड्यात. अंबाडा कसा घालायचा, बोटांपुरते अर्धे बूट कसे धुवायचे आणि तीनच्या वर जायचं नाही.” आता ती खरंच हसली. “ती छोटी रायना, माहितीये? तिने पहिल्याच दिवशी सात लिहिले होते. सात! दात हलत होता तिचा. आम्हीच खोडून एक केलं.”

लाल अक्षरं माझी आहेत. सहा वर्षांपूर्वी मी तो तक्ता स्वतः आखला, स्वतः छापून आणला आणि हॉलच्या आरशाशेजारी स्वतः चिकटवला. डावीकडे मुलींची नावं, वर तारखा, आणि रोज सरावाआधी प्रत्येकीने आपल्या दुखण्याचा आकडा लिहायचा, शून्य ते दहा. मुलीचं शरीर मोडतं ते एका दिवसात मोडत नाही. आधी महिनाभर ते सांगत असतं, फक्त कोणी लिहून घेत नाही, अशी माझी समजूत होती आणि अजूनही आहे. खाली मी लाल शाईत लिहिलं होतं: चार किंवा त्याहून जास्त असल्यास सराव थांबवावा, डॉक्टरांना कळवावं. पहिले काही महिने तक्त्यावर सगळे आकडे होते. पाच, दोन, आठ, एकीने तर साडेसहा लिहिलं होतं आणि त्या अर्ध्याचं मला फार कौतुक वाटलं होतं. मग आकडे खाली आले आणि खालीच राहिले. तिसऱ्या वर्षी मी त्याचा आलेख काढून सोफियाला एका परिषदेत दाखवला. पडद्यावर एक रेषा होती, आधी डोंगरासारखी, मग मैदानासारखी, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या शुक्रवारी बोझिदारा समोर बसलेली असताना मी कपाटातून वह्या काढल्या नाहीत. त्याची गरज नव्हती. एकेचाळीस मुली, साडेपाच वर्षं, आणि एकही चार नाही. जिवंत माणसांच्या मोजमापात अशी सपाट रेषा येत नाही. ती बघून मला भीती वाटायला हवी होती. मला समाधान वाटलं होतं.

“आज शिक्का नाही,” मी म्हणाले. “उद्या सकाळी स्कॅन. आणि तोवर मागे वाकायचं नाही.”

“स्कॅन कशाला? तीनच तर आहे.” मग एकदम हलक्या आवाजात, “बाईंना नका ना सांगू. प्लीज. मी दोन दिवस झोपून राहीन, खरंच, हलणारसुद्धा नाही. तुम्हाला तर माहितीये सगळं, तुम्ही पण तिथल्याच ना.”

तुम्ही पण तिथल्याच. शनिवारी दुपारी अहवाल आला तेव्हा दवाखान्यात कोणी नव्हतं. कमरेचा पाचवा मणका, डावी बाजू. मणक्याच्या मागच्या कमानीच्या अरुंद भागात सूज आणि एक बारीक रेघ, अजून पूर्ण आरपार न गेलेली. मी चित्रं तीनदा बघितली, आणि तिसऱ्यांदा बघताना माझ्या ध्यानात आलं की मी शंका शोधते आहे. शंका नव्हती. हाड दमतं, त्याला भरून यायला वेळ मिळाला नाही की ते तडकतं. या अवस्थेत थांबलं तर बहुतेक वेळा जुळून येतं, चार महिन्यांत, सहा महिन्यांत. न थांबलं तर रेघ आरपार जाते, कडा गुळगुळीत होतात, आणि मग त्या एकमेकींना कधीच धरत नाहीत. एवढं स्वच्छ ज्ञान हातात असताना माणसाने फोन उचलावा. मी अहवाल पिवळ्या पाकिटात घातला, पाकीट पिशवीत घातलं, आणि घरी जाताना पालक आणि दही विकत घेतलं.

रविवारी डॅन्यूबच्या काठाने चालले. पाणी मातकट होतं, चढलेलं, पलीकडचा रुमानियाचा काठ बुडाल्यासारखा दिसत होता. पिशवी खांद्यावर होती, पाकीट आत होतं. कागदाच्या तीन तावांचं वजन किती असतं हे मला ग्रॅममध्ये सांगता येईल, तरी मी पिशवी दोनदा खांदा बदलून घेतली. गिंकाबाईंचा विचार येत होता. आताच्या नव्हे, तेव्हाच्या. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात दुकानांत पावासाठी रांगा होत्या आणि हॉलमध्ये ऊब नव्हती. आम्ही कोट घालून धावायचो, अंग तापलं की कोट काढायचो, तोंडातून वाफ निघत असताना चेंडू फेकायचो. थंडीने रबर कडक व्हायचं आणि चेंडू दगडासारखा हातावर बसायचा. एरवी बाई रोज आमचं वजन करायच्या, वहीत लिहायच्या, अर्धा किलो वाढला तर बोलायच्या. त्या हिवाळ्यात त्यांनी वजनकाटा खोलीत बंद करून टाकला. घरून राजम्याच्या भाजीचं भांडं लोकरीच्या शालीत गुंडाळून आणायच्या आणि आम्हाला आरशाकडे पाठ करून खायला बसवायच्या. “खाताना स्वतःकडे बघू नका गं,” म्हणायच्या, “भूक मरते.” त्या बाईंबद्दल कोणी वाकडं बोललं की अजूनही माझं तोंड बंद होतं, कारण माझ्या जिभेवर ती भाजी येते.

त्याच हिवाळ्यात एकदा त्यांनी मला गालिच्यावरून बाजूला बोलावलं, माझ्या कमरेवर तळहात ठेवला आणि विचारलं, “इथे?” मी चौदा वर्षांची होते, संघात होते, पाचातली एक होते. मी म्हणाले, नाही. तळहात तिथेच राहिला, गरम, खरखरीत, माझ्या मते बराच वेळ. मग त्या म्हणाल्या, “जा तर.” पुढे वैद्यकीय महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षाला असताना क्ष-किरणाच्या सरावासाठी विद्यार्थ्यांनीच एकमेकांची चित्रं काढायची पद्धत होती. प्राध्यापकांनी एक चित्र पडद्यावर लावलं, काठीने दाखवलं: पाचवा मणका बघा, दोन्ही बाजूंनी जुना तडा, मणका पुढे सरकलेला, सात-आठ मिलिमीटर, ही व्यक्ती लहानपणी खेळत असणार आणि कोणीतरी वेळेवर थांबवायला हवं होतं. कोणाचं आहे हे? वर्गात हशा पिकला, मुलं एकमेकांकडे बघू लागली. मीही बघितलं, शेजारच्या मुलीकडे. चित्रावर नाव नव्हतं, क्रमांक होता, आणि तो माझा होता. त्या दिवशी मला कळलं की मी सोळाव्या वर्षी खेळ सोडला तो माझ्यात चिकाटी कमी होती म्हणून नव्हे, आणि हे कळून जेवढं हायसं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. त्या तळहाताला कळलं होतं का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यापाशी आहे. त्याचं उत्तर मी दर काही वर्षांनी बदलते. ‘नाही’ हा शब्द मात्र माझा होता. तो कोणी माझ्या तोंडात घातला नव्हता.

सोमवारी बोझिदाराच्या आईचा फोन आला. पेत्राना ट्रॉलीबस चालवते. मागे घंटी वाजत होती, बहुधा शेवटच्या थांब्यावर उभी असावी. मी स्कॅनमध्ये तडा दिसतोय हे सांगितलं, अहवालातले शब्द जवळजवळ जसेच्या तसे.

“म्हणजे शनिवारी जायचं की नाही?”

मी म्हणाले, धोका आहे. मी म्हणाले, विश्रांती घेतलेली बरी. मी म्हणाले, तुम्ही आई आहात, तुमचाही विचार घ्यायला हवा. वाक्यं बरोबर होती. एकही खोटं नव्हतं.

“अहो डॉक्टर, मला नका असं विचारू,” पेत्राना म्हणाली. “मी काय सांगू? मी नाही म्हटलं, तर पोरगी जन्मभर बोलणार नाही माझ्याशी. हो म्हटलं आणि काही झालं तर मीच मेले. गिंकाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, नेवेना ठरवील, ती आपल्यातलीच आहे. तुम्ही म्हणाल ते. मी तुमच्या शब्दाबाहेर नाही.” आणि मग, कोणीतरी बसचं दार ठोठावत असताना, “थांबा हो, उघडते! जीव चाललाय का कोणाचा?”

मी आपल्यातली आहे हे चार दिवसांत मी दोनदा ऐकलं होतं. प्रत्येक वेळी तो विश्वास होता, आणि प्रत्येक वेळी माझा खांदा थोडा खाली गेला. बाहेरच्या डॉक्टरला हे सोपं गेलं असतं. त्याने कागद वाचला असता आणि कागदावरचं बोलला असता.

मंगळवारी चार वाजता मी हॉलमध्ये गेले. वास तोच: रबर, राळ, केसांवर मारायचा स्प्रे, आणि लाकडी जमिनीत मुरलेला घाम. रविवारी मी स्वतःला समजावलं होतं की मुलगी घरी पडून असेल. ती गालिच्यावर होती. पाचजणी, पाच हूप, संगीत मोठ्याने लावलेलं. अडीच मिनिटांचा तो रचनाक्रम मी उभ्याने बघितला आणि सवयीने मोजू लागले: बोझिदारा अकरा वेळा मागे वाकली, त्यातल्या सात वेळा डाव्या पायावर. तासाला आठ फेऱ्या धरल्या, रोज चार तास धरले, शुक्रवारपासून चार दिवस धरले, तर मी पिशवीत पाकीट घेऊन हिंडत असताना त्या रेघेवर किती वेळा भार पडला होता ते निघत होतं. मी तो गुणाकार केला. आकडा मोठा होता आणि तो माझा होता.

“ये गं, नेवे,” गिंकाबाई खुर्चीवरून म्हणाल्या. त्या उठल्या नाहीत. दोन्ही खुब्यांत धातू बसवल्यापासून त्या कोणासाठीच उठत नाहीत. “अशी दारात उभी राहू नकोस पोलिसासारखी. बस. शिक्का आणलास?”

“बाई, ती सराव करतेय.”

“मग काय विणकाम करू देत? शनिवारी स्पर्धा आहे.” त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. “काय निघालं त्यात?”

मी पाकीट दिलं. त्यांनी चष्मा लावला, चित्र उजेडाकडे धरलं, आणि इतका वेळ बघितलं की मला आश्चर्य वाटलं. “ही रेघ?”

“हो.”

“केसाएवढी आहे.”

“हो.”

“आणि तक्त्यावर तीन.”

“तक्ता खोटा आहे, बाई. पाच वर्षं खोटा आहे. त्यांना ठाऊक आहे की चार लिहिलं की बाक, आणि आठवडाभर बाकावर बसलेल्या मुलीची जागा जाते.”

“अगं, पण नियम तुझा ना?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच दुखावल्यासारखं होतं. “लाल शाईत लिहून गेलीस. मी एक दिवस मोडला नाही. चार म्हटलं की मी बसवलं, रडली तरी बसवलं. आधी मी डोळ्यांनी बघायचे, हाताने बघायचे. तू म्हणालीस, बाई, आता अंदाजाने नको, आकड्याने करू. केलं.”

त्या हाताने बघत होत्या, आणि त्यांच्या हाताला मीच एकदा फसवलं होतं. मग त्यांच्या हाताच्या जागी मी एक कागद चिकटवला आणि त्याला फसवणं तर आठ वर्षांच्या मुलीलाही जमत होतं. संगीत संपलं. राखीव मुलगी, स्वेतोझारा, भिंतीशी एकटी हूप फेकत होती; तो तिच्या हातून निसटला आणि घरंगळत आमच्या पायांशी येऊन आडवा झाला.

“बघितलंस?” गिंकाबाई हळू म्हणाल्या. “ही घालू? शंभरातून साठ वेळा झेलते. चौघींचा संघ नसतो, नेवे, पाच लागतात. त्या चौघींनी काय केलंय? दोन वर्षं घासल्यात त्या. एक शनिवार दे. अडीच मिनिटं, दोनदा. रविवारपासून झोपव तिला वर्षभर, मी स्वतः तिच्या उशाशी बसते. एका शनिवारने काय होणार आहे, सांग ना. शास्त्राने सांग.”

शास्त्राने सांगता येत नव्हतं. कदाचित काहीच झालं नसतं. त्या रेघेला एका शनिवारची खबरही लागली नसती, किंवा तोच शनिवार शेवटचा ठरला असता. मला संभाव्यता ठाऊक होत्या, शनिवार ठाऊक नव्हता. आणि मला दिसलं की मी कायम याच आडोशाला उभी राहिले आहे. खात्री नाही, म्हणून अजून थोडं थांबू. धोका आहे, विश्रांती घेतलेली बरी. अहवालात ही वाक्यं शोभतात, कारण अहवालाला कोणी समोर उभं राहून हो की नाही असं विचारत नाही.

“बोझे, इकडे ये,” गिंकाबाईंनी हाक मारली. ती धावत आली, गालांवर लाली, ओठांवर तेच धरलेलं हसू. बाकीच्या चौघी पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन मागे थबकल्या. “डॉक्टर म्हणतात दुखतंय तुला. खरं सांग गं. घाबरू नकोस, मी खात नाही कोणाला, दात तरी कुठे राहिलेत.”

कोणीतरी खुदकन हसलं. बोझिदाराने आधी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग क्षणभर तक्त्याकडे.

“नाही, बाई,” ती म्हणाली. “काही नाही.”

गिंकाबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या विनवत नव्हत्या, धमकावत नव्हत्या. वाट बघत होत्या, जणू ते वाक्य त्यांनाही पटलं नव्हतं आणि ते कोणीतरी नाकारावं असं त्यांना वाटत होतं, पण नाकारणारी आपण असू नये. निदान मला तसं वाटलं. चुकतही असेन. मुलगी सरळ उभी होती, टाचा जुळवून, खांदे मागे, श्वास अजून वर-खाली होत होता. तिला काय हवंय हे मला तंतोतंत ठाऊक होतं. तिने मला कधी माफ केलं नाही तर तेही मला समजणार होतं.

मी मोठ्याने बोलले, आणि शब्द भिंतीशी उभ्या असलेल्या स्वेतोझारालाही ऐकू गेले.

“बोझिदाराला मी शिक्का देत नाही. ती शनिवारी खेळणार नाही, आणि आत्ता, या क्षणापासून, ती गालिच्यावर जाणार नाही. हे तिने ठरवलेलं नाही, बाई, तिच्या आईने नाही, तुम्हीही नाही. मी ठरवलंय.”